दोष, उपाय आणि वन्सं

वन्सं गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांच्याशी करायच्या भांडणाची उजळणी करत होते. माघातली सकाळ, पुढ्यात भिजवलेल्या वालांचं पातेलं, एकेक वाल सोलत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. त्या माणगावच्या दवाखान्यातून दोन दिवसांत घरी येणार, मग मी अमुक म्हणणार, त्यावर त्या तमुक म्हणणार, मग मी… तेवढ्यात मंदारचा फोन आला. मंदार माझा मुलगा, आत्याच्या उशाशी तीन दिवस तोच होता. “आई, आत्या गेली गं.” ऐकल्याबरोबर माझ्या तोंडून निघालं, “जिंकली मेली!” आयुष्यभर ज्यांना मनातल्या मनात मेली म्हणत आले, त्यांना पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं, तेही नेमकं त्या खरोखर गेल्यावर. वन्संनी ऐकलं असतं तर म्हणाल्या असत्या, “ह्या पेणकरणीचं टायमिंग कधीच बरोबर नसतं.”

दहाव्याला माणगावच्या बाजारातली माणसं आली. कुणी त्यांना मायाळू म्हणालं, कुणी शांत स्वभावाच्या. मी पदराआड जीभ चावून बसले. चव्वेचाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेय मी, मला विचारा! वन्सं म्हणजे माझी थोरली, माहेरीच राहिलेली नणंद, शकुंतला. गावाची शकूताई. माझ्याशी त्या कधी धड बोलल्या नाहीत आणि मी त्यांच्याशी कधी खरं बोलले नाही. फक्त एका गोष्टीत बोलत होते, आवाजाच्या. त्यातही शेवटी खोटं बोलले, आणि हा सगळा लेख त्या एका खोट्याचा आहे. मायाळूपणाचे दाखले हवे असतील त्यांनी इथेच थांबावं.

लग्न होऊन मी पेणहून माणगावजवळच्या तळे गावी आले तेव्हा माझ्या डोक्यात हवा किती होती ते आता आठवलं तरी हसू येतं. माझा मामा आखातात नोकरीला. त्याने भाचीला आहेर म्हणून स्टिरिओ सिस्टीम दिली. ॲम्प्लिफायर, त्यावर कॅसेटचा डेक, आणि लाकडी दोन पेट्या, म्हणजे स्पीकर. तळ्यात तेव्हा असलं काही नव्हतं. वरातीत मी नवऱ्याकडे कमी आणि टेम्पोतल्या खोक्यांकडे जास्त बघत होते. घरी आल्यावर चौथ्या दिवशी, सगळी शेतावर गेलेली पाहून, मी ती स्वतःच जोडली. एक पेटी माजघरात ठेवली, आणि दुसरी, लांब वायर ओढून, थेट स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांशेजारी. विचार असा की एक पेटी घरच्यांना, एक मला. एकच गाणं दोघींनी पुरं पुरं वाजवायचं, नाहीतर देवाने दोन पेट्या कशाला दिल्या? संध्याकाळी सासऱ्यांनी नाट्यगीतांची कॅसेट लावली. माजघरात बाई गात होत्या आणि तबला नाही. स्वयंपाकघरात माझ्या कानाशी तबला धडधडतोय आणि गाणारी बाई कुठे गेली पत्ता नाही. मी कढईवर उलथनं आपटून ओरडले, “मामाने बिघडलेली दिली!” आणि रडायलाच बसले.

वन्सं तेव्हा माणगावहून शेवटच्या एसटीने यायच्या. सासऱ्यांचं तिथे बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि ते दुकान खरं म्हणजे ह्याच चालवायच्या. बोटांना कायम राळेचा वास, मनगटावर डाख लावताना पडलेले चटके. चपला काढल्या, दारातच उभ्या राहून दोन मिनिटं ऐकलं, मग स्वयंपाकघरात आल्या. माझ्याकडे पाहिलं, पिठाने माखलेल्या पेटीकडे पाहिलं. “ही इथं कुणी आणली गो?” मी म्हटलं, मी. “गाणं काय चपाती हाय, अर्धी तिकडं अर्धी इकडं वाढायला?” माजघरातून सासरे, दीर, ‘हे’, सगळे हसले. ह्यांचं हसणं मला जास्त लागलं, पण राग धरला तो वन्संवर. नवऱ्यावर धरून भागत नाही, त्याच्याबरोबर राहायचं असतं. नणंदेबरोबरही राहायचंच असतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तेव्हापासून मी त्यांची ‘पेणकरीण’. नावाने हाक कधीच नाही.

त्या पेटीचा किस्सा वन्संनी पुढे चव्वेचाळीस वर्षं सांगितला. पाहुणा चहाचा कप उचलायचा अवकाश, की सुरू. ओटीभरणाला, बारशाला, वास्तुशांतीला. दर वेळी माझं रडणं थोडं वाढायचं. शेवटी शेवटी तर मी त्यात पेटीत पळीने डाळ ओतली असंही आलं होतं!

तरी सांगायला हवं, बाईचा कान विलक्षण होता. आणि काम करण्याची रीत त्याहून. बिघडलेला रेडिओ आला की लोक तो आधी उघडतात. वन्सं आधी ऐकायच्या. “एका वेळी एकच वस्तू बदलायची,” हा त्यांचा नियम. घरची सिस्टीम कधी खरखरली तर डाव्या पेटीची वायर उजवीला लावायच्या, उजवीची डावीला. खरखर वायरीबरोबर दुसरीकडे गेली तर दोष मागे, ॲम्प्लिफायरात. जागीच राहिली तर दोष पेटीत. इतकं सोपं. पण वायरी बदलणारा माणूस मागे वाकलेला असतो, त्याला नीट ऐकू येत नाही. समोर, दोन्ही पेट्यांच्या मधोमध, कुणीतरी बसायला लागतं. त्या खुर्चीवर मी बसायचे. हे काम माझ्याकडे कसं आलं ते आठवत नाही. बहुधा पहिल्या वर्षी शिक्षा म्हणूनच बसवलं असणार. “तू फक्त खरं सांगायचं. चांगलं का वाईट, ते मी ठरवीन.” मी सांगायचे. डावीकडून चरचरतंय. आता उजवीकडून. आता थांबलं. तपासायला त्यांच्याकडे नुसत्या तंबोऱ्याची एक कॅसेट होती. अर्धा तास फक्त तंबोरा, दुसरं काही नाही. गाण्यात दोष लपतो, तंबोऱ्यात लपत नाही म्हणायच्या. मला तर तंबोराच मुळात खरखरतोय असं वाटायचं. त्यावर त्या म्हणायच्या, “ती जवारी, तारांची मूळची झणझण. जवारीतला आणि खरखरीतला फरक तुला मरेपर्यंत कळायचा न्हाय.”

दुरुस्ती झाली की झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायच्या. दोष काय, उपाय काय. दुकानात आलेल्या प्रत्येक रेडिओच्या झाकणाआड त्यांचं बारीक अक्षर असायचं. “पुढच्या उघडणाऱ्याला आपल्याआधी काय झालं ते कळावं.” पुढे टीव्ही भिंतीला चिकटण्याइतके चपटे झाले, दुरुस्तीला माणसं येईनाशी झाली, दुकान बंद झालं. सासू-सासरे गेले, दीर पुण्याला गेले. आठ वर्षांपूर्वी ‘हे’ गेले. मंदार खारघरला. उरलो आम्ही दोघी आणि सिस्टीम. संध्याकाळी सहा ते सात ती लागायची. त्या तासात आम्ही भांडत नसू, कारण त्या बोलूच द्यायच्या नाहीत.

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपूर्वी वैशाखात माझ्या नातीचा, सानिकाचा, साखरपुडा झाला. हॉल पनवेलचा, व्याही शिकले-सवरलेले, मी नवी पैठणी नेसून मिरवत होते. जेवणाच्या पंगतीत विहीणबाईंनी सहज विचारलं, “आजींना गाण्याची आवड दिसते?” आणि वन्संनी घास खाली ठेवला. “हिला? थांबा, सांगते…” सगळा किस्सा. पिठाचे डबे, चपाती, पळी, डाळ, सगळं. टेबल हसलं. सानिका हसली. माझा होणारा नातजावई हसता हसता मला म्हणाला, “आजी, खरंच डाळ ओतली?” मीही हसले. दात दाखवून हसले आणि पैठणीच्या पदराला पीळ घातला. परतताना गाडीत मी ठरवलं, ह्या बाईचा एकदा तरी पाणउतारा करायचाच. साठीच्या पुढची बाई मी, पण त्या दिवशीची माझी अक्कल पिठाच्या डब्यांशेजारी पेटी मांडणाऱ्या नव्या नवरीहून तसूभर मोठी नव्हती.

संधी श्रावणात आली, आणि आणली माझ्याच चुकीने. आमच्याकडे पावसात कशालाही ओल धरते. काडेपेटी पेटत नाही, पापड चामड्यासारखे होतात आणि खडेमिठाला तर पाणीच सुटतं. ॲम्प्लिफायर तासभर चालला की त्याची पाठ छान ऊबदार होते. मी कित्येक वर्षं, वन्संची पाठ वळली की, त्यावर काडेपेट्या ठेवत आले होते. त्यांचा सक्त नियम होता की यंत्रावर साधं फूलही ठेवायचं नाही, म्हणून तर ठेवायला मजा यायची. त्या आठवड्यात मी मिठाची पुरचुंडी ठेवली. फडक्यात बांधलेली, चांगली अर्धा शेर. आणि विसरले. दोन दिवसांनी उचलली तेव्हा फडकं ओलंचिंब होतं आणि खालच्या हवेच्या भोकांभोवती पांढरे डाग पडले होते. मी डाग पदराने पुसले, पुरचुंडी चुलीशी नेऊन टांगली.

त्याच संध्याकाळी वन्संनी मान वर केली. “फाटतोय.”

“काय?”

“आवाज. डाव्या अंगाने फाटतोय.”

फाटत होता. आंधळ्यालाही दिसला असता इतका. गाणाऱ्या बाईंच्या गळ्यात कुणी कागद चुरगाळत असल्यासारखा. मी म्हणाले, “मला तर स्वच्छ येतंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून नेहमीची रीत सुरू केली. मला खुर्चीवर बसवलं, तंबोरा लावला, मागे वाकल्या. पंचाहत्तरीची बाई, एका हाताने कंबर धरून. “आता? डावीकडनं का उजवीकडनं?” मी म्हटलं, कुठूनच नाही. वायरी बदलल्या. “आता?” स्वच्छ. शेजारचा पंप चालू असल्याने दाब कमी-जास्त होत असेल म्हणून पंप बंद करवून आल्या. “आता?” स्वच्छ हो वन्सं. कॅसेट बदलली, डेकचं तोंड स्पिरिटने पुसलं, दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर लावून बघितलं. आठ दिवस हे चाललं. मी खुर्चीवर बसून रोज तेच सांगत होते. खरं सांगते, मिठाचं लपवायचं हे पहिल्या दिवसापुरतं होतं. दुसऱ्या दिवसापासून मला मजा येत होती. त्या वाकत होत्या, आणि मी वरून बघत होते.

सानिका एका रविवारी आली, तिलाही ऐकवलं. कानात दिवसभर मोबाइलची बोंडं घालून बसणारी पोर ती, म्हणाली, “ठीक आहे ना आजी.” तेव्हा वन्सं हळूच पलंगावर बसल्या. स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला आणि म्हणाल्या, “म्हणजे माझंच बिघडलंय.” मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण डोळ्यांपुढे पंगत आली आणि मी विचारलं, “चहा टाकू?”

ॲम्प्लिफायर त्यांनी तेव्हा उघडलाच नाही. ज्या यंत्रात दोष नाही ते उघडायचं नाही, हाही त्यांचा नियमच. खुर्चीवरच्या माणसाने दोष नाही म्हणून सांगितलं होतं. बाकी कशातही त्यांचा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता. भाजीतल्या मिठापासून देवाच्या दिव्यापर्यंत. पण खुर्चीवर बसून मी खोटं बोलेन हे त्यांच्या मनातही आलं नाही.

गणपतीआधी त्या एकट्याच माणगावला कान तपासून आल्या. मी विचारलं, काय म्हणाला डॉक्टर? “वय झालं म्हणे,” एवढंच. मी चार दिवस पेणला गेले आणि परत आले तर सहाच्या ठोक्याला सिस्टीम लागलेली, नेहमीपेक्षा दुप्पट मोठी. खरखर होतीच. दाराच्या कड्या थरथरत होत्या. म्हणाल्या, “बहिरीला मोठंच लागणार गो. तुला स्वच्छ येतंय ना?”

“स्वच्छ,” मी म्हणाले.

मग दीड वर्ष हे चाललं, वाचकहो. दीड वर्ष, रोज सहा ते सात, माझ्या डोक्यात तो फाटका आवाज. मला फाटतोय म्हणता येईना, कारण मीच तो स्वच्छ ठरवलेला. मंजिऱ्या तोडायला म्हणून मी अंगणात जायला लागले तर हाक यायची, “पेणकरीण, बस की. चांगलं गाणं लागलंय.” मी बसायचे. त्या डोळे मिटून, मान डोलवत ऐकायच्या. मला वाटायचं, बिचारीला काही ऐकू येत नाही. आणि कधी कधी, एक डोळा किंचित उघडा असायचा… पण ते मी मनावर घेतलं नाही. मधला काळ असाही गेला की दया यायची, आणि दया आली की राग यायचा. रोज ठरवायचे, उद्या सांगू.

माघात त्यांना धाप लागायला लागली. मंदार गाडी घेऊन आला. दारात, गाडीत बसता बसता, त्यांनी माझा हात धरला. धरला म्हणजे मनगट पकडलं, चोराचं पकडतात तसं. धापेमुळे शब्द तुटत होते. “पेणकरीण… काही सांगायचं हाय?”

मी म्हणाले, “डब्याला काय पाठवू?”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि मनगट सोडलं.

त्यानंतर तीन दिवस वाल सोलता सोलता मी उजळणी करत होते. शेवटी शब्द सापडले होते. अगदी सोपे होते. तेवढ्यात फोन आला.

तेराव्यानंतर मंदार दवाखान्याची पिशवी घेऊन कागद वेगळे करत बसला होता. एक कागद वाचून थांबला. “आई, आत्याचे कान तर चांगले होते. वयाच्या मानाने उत्तम, असं लिहिलंय. तू तर म्हणायचीस…” मी कागद हातात घेतला. गणपतीआधीचा होता. म्हणजे ती बाई दीड वर्ष सगळं ऐकत होती. मला ऐकवत होती! माझं अंग तापलं, लाजेने की संतापाने ते आजही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला मी सिस्टीम लावली. तंबोरा. फाटत होता, डावीकडून. मी मागे वाकले, माझीही कंबर आता काही नव्या नवरीची नाही, आणि वायरी बदलल्या. खुर्चीवर कुणी नव्हतं, म्हणून मीच पुढे येऊन बसले. खरखर हलली नव्हती, डावीकडेच होती. म्हणजे दोष पेटीत. पेटीच्या तोंडावरची कापडाची चौकट ओढली, ती लगेच निघाली. आत, स्पीकरच्या काळ्या कागदी पडद्याच्या बरोबर मधोमध, केसांचा एक आकडा चिकटलेला होता. मागच्या लोहचुंबकाने ओढून धरलेला, आवाज आला की थरथरणारा. आकडा माझा नव्हता, मी कधी आकडे लावलेच नाहीत. वन्संचा अंबाडा मात्र आकड्यांशिवाय उभा राहत नसे. मी तो काढला. माझ्या घरात दीड वर्षाने तंबोरा स्वच्छ वाजला. जवारी काय असते, ते मला त्या मिनिटाला कळलं.

पण श्रावणात जे फाटत होतं ते आकड्याने नव्हे, ते तर माझ्या मिठाने. मग त्याचं काय झालं? त्यांच्या डब्यातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि ॲम्प्लिफायरचं झाकण काढलं. आत सगळं पुसून लख्ख, एका कोपऱ्यात नवा डाख चकाकतोय. झाकण उलटं केलं. चव्वेचाळीस वर्षांची पेन्सिल. सगळ्यात वर, पहिल्या वर्षीची ओळ: “दोष: नाही. मालकीण नवीन आहे.” खाली पाल, धूळ, फ्यूज, पुन्हा पाल. शेवटून दुसरी: “दोष: मीठ. उपाय: केला.” मी पेणला होते त्या चार दिवसांत. आणि अगदी शेवटी, जरा थरथरत्या अक्षरात: “दोष: पेणकरीण बोलत नाही. उपाय:”

पुढे काही नाही. कोरं.

मंदार म्हणतो, आत्याने विनोद केला. मंदारला काय कळतंय. ती विनोद करणारी बाई नव्हती, ती दोष शोधणारी बाई होती. एका वेळी एकच वस्तू बदलायची. मीठ काढलं, डाख बदलला, यंत्रातलं सगळं ठीक करून झाल्यावर आकडा ठेवला आणि मी कधी बोलते ते बघत दीड वर्ष बसली. तोंड उघडून एकदा विचारलं असतं तर… पण विचारलं होतं. गाडीत बसताना. मी डब्याचं बोलले.

मी माफ केलेलं नाही. डाळीचा किस्सा, तो साखरपुडा, काहीच नाही. त्यांनीही मला केलं नसणार. झाकण बसवलं, स्क्रू घट्ट केले. मग डाव्या पेटीसमोर आले आणि आकडा होता तिथे परत ठेवला. चुंबकाने तो माझ्या बोटांतून ओढूनच घेतला.

आता रोज सहाला मी तंबोरा लावते आणि खुर्चीवर बसते. माझ्या डाव्या हाताला वन्संचा पलंग आहे, त्यावरची गादी गुंडाळलेली. मिनिटभर ऐकते. मग त्या पलंगाकडे बघून, मोठ्याने, शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने सांगते:

“वन्सं, फाटतोय. डावीकडनं.”